दुसरा दोर: डोंबाऱ्याच्या कैचीपासून हायलाइनपर्यंत

या मालेत आजवर आपण किल्ले, तालमी, तळी, पेठा असे विषय घेतले. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, की हे हायलाइन काय नवीन काढलंत, आणि इतिहासाच्या व्याख्यानात ते कशाला? प्रश्न रास्त आहे, तेव्हा आधी त्याचंच बघू.

दोन झाडांच्या मध्ये इंचभर रुंदीची सपाट विणलेली पट्टी ताणून बांधायची आणि तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं, याला स्लॅकलाइन म्हणतात. गुडघ्याइतक्या उंचीवर असली तर पडलात तरी फार काय, ढोपर खरचटतं. तीच पट्टी दोन कड्यांच्या किंवा सुळक्यांच्या मध्ये, खाली दरी असताना बांधली की तिला हायलाइन म्हणतात. लोणावळ्याच्या बाजूला पुण्या-मुंबईची मुलं हे करतात. पुण्याचे समर फारुकी यांचं नाव भारतातल्या सुरुवातीच्या हायलाइनरांमध्ये घेतलं जातं. आता आपल्या कोल्हापूरची मुलंही विचारायला लागलीत, की आम्हाला शिकायचंय, कुठनं सुरुवात करू? आणि त्यांच्या आया विचारतात, पडला तर?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे असं आम्हाला वाटतं. चालायला शिकणं हा या खेळाचा अर्धाच भाग आहे, आणि तो सोपा अर्धा आहे. अवघड भाग बांधायचा. दोर कशाला बांधला, कुणी बांधला, कुणी तपासला, आणि तो सुटला तर त्याच्या खाली दुसरा दोर आहे का? हा दुसरा दोर कुणाला मिळाला आणि कुणाला मिळाला नाही, याला मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या दारातला आहे.

डोंबाऱ्यापासून सुरुवात करू. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांनी हा खेळ रस्त्यावर, बाजारात, जत्रेत बघितलाय. बाप ढोलकं वाजवतो, आई खाली कटोरा घेऊन फिरते, आणि सात-आठ वर्षांची पोर हातात आडवी काठी धरून दोरावरून चालते. कधी डोक्यावर तांब्यांची उतरंड, कधी पायात सायकलची रिम. आपण सगळे पोरीकडं बघतो. आज जरा दोराच्या टोकांकडं बघा.

दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू एकमेकांत तिरके अडकवून कैची केलेली असते. दोर या कैचीवरून जातो आणि पलीकडं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला बांधलेला असतो. म्हणजे कामाची वाटणी झाली. कैचीनं वजन खाली जमिनीत उतरवायचं, खुंट्यानं ओढ सोसायची. खुंटा सरळ उभा ठोकत नाहीत, दोराच्या ओढीच्या उलट दिशेला कलता ठोकतात. तो कैचीच्या अगदी जवळही नसतो. जवळ ठोकला तर दोर फार उभा उतरतो आणि खुंट्याला वर उपटायला लागतो. लांब ठोकला की ओढ आडवी पडते, आणि आडव्या ओढीला जमीन चांगली दाद देते. मग बाप दोरावर एकदा हातानं टिचकी मारतो, एकदा स्वतःचं वजन टाकून बघतो, आणि मगच पोरीला वर चढवतो. हे सगळं पाच मिनिटांत होतं. तोवर गर्दी जमलेलीही नसते, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता यात किती जोर असतो ते बघू. थोडं गणित आहे, पण घाबरायचं कारण नाही. आडव्या ताणलेल्या दोराच्या बरोब्बर मध्यावर माणूस उभा राहिला की दोराला झोळ पडतो. दोरातला ताण काढायचा असेल तर माणसाचं वजन गुणिले दोराची लांबी, आणि त्याला झोळाच्या चौपटीनं भागायचं. समजा पोर २० किलोची, दोर ६ मीटर, आणि झोळ १५ सेंटिमीटर. उत्तर येतं २०० किलो. वीस किलोच्या पोरीसाठी प्रत्येक खुंट्याला दोनशे किलोची ओढ सोसायची आहे. हायलाइनचं घ्या. ६० किलोचा मुलगा, ३० मीटरची पट्टी, झोळ १ मीटर, तर ताण ४५० किलो. झोळ अर्धा मीटर केला की ताण ९०० वर जातो, दोन मीटर होऊ दिला की २२५ वर येतो. पट्टी जितकी ताठ, तितकं चालायला बरं वाटतं आणि तितकीच दोन्ही टोकं जास्त झुंजतात. नवशिक्या मुलांना पहिल्यांदा हेच पटत नाही. ती म्हणतात, अजून ओढा, अजून ओढा. डोंबाऱ्यानं हे सूत्र कधी कागदावर लिहिलं नाही, पण त्याचा खुंटा बघितला की ते त्याला ठाऊक होतं हे कळतं.

ही विद्या घरातच राहिली. कोल्हाटी आणि डोंबारी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत एकाच नोंदीत येतात. कसरती हा त्यांचा जुना धंदा. पुढं कोल्हाटी समाजातल्या बऱ्याच घराण्यांतल्या बायका तमाशाकडं वळल्या. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ तुमच्यातल्या अनेकांनी वाचलं असेल, त्यात त्या जगण्याचं चित्र आहे. पण दोर बांधायची विद्या कुणी लिहून ठेवली नाही. बापानं मुलाला दाखवायची, मुलानं हातात घ्यायची, एवढीच तिची शाळा.

दोरावर चालणारे जसे विसरले गेले, तसे दोर वळणारेही. आपल्या भागात हे काम मातंग समाजाचं. घायपात, अंबाडी, ताग, केकताड यांचा वाख काढायचा, भिजवायचा, झोडपायचा, वाळवायचा आणि मग पीळ द्यायचा. एकेक पेड एका दिशेनं पिळायचा आणि तीन पेड एकत्र करताना उलट्या दिशेनं, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण उगीच नाही आली. कासरा, दावं, चऱ्हाट, सोल, नाडा, प्रत्येकाची जाडी वेगळी, काम वेगळं.

यातला नाडा आपल्या कामाचा. ज्यांनी मोट चालताना बघितली आहे त्यांना तो माहीत आहे. शंभर लिटरच्या वर पाणी भरलेली चामड्याची मोट बैल धावेवरून खाली उतरत वर ओढायचे, ती या नाड्यानं. नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल तोंडावर. म्हणून मोटकरी रोज सकाळी नाडा हातातून फिरवून बघायचा. कुठं पेड उसवलाय का, कुठं घासून पातळ झालाय का, कुठं ओल धरून कुजतोय का. आज हायलाइनवाले पट्टी वापरायच्या आधी बोटांतून सरकवत शेवटपर्यंत तपासतात. तोच हात, तीच नजर. आमच्या मते कोल्हापूरच्या मुलांनी हे शिकायला फार लांब जायची गरज नाही, घरात ऐंशीच्या पुढचं शेतकरी माणूस असेल तर त्याला विचारा.

पण दोर वळणाऱ्याची गावात काय किंमत होती? ज्या माणसाच्या नाड्यावर अख्ख्या मळ्याचं पाणी अवलंबून, त्याला चावडीवर हजेरी द्यावी लागायची. जन्मानंच गुन्हेगार समजून त्याच्यावर पाळत. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखात गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ पासून होता, १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती वाढली, आणि तो रद्द झाला १९५२ साली. म्हणजे आपल्या संस्थानातला हुकूम त्याच्या चौतीस वर्षं आधीचा. याचा आपण अभिमान सांगतो, आणि सांगावाच. फक्त ज्यांची हजेरी बंद झाली त्यांच्या हातात काय कारागिरी होती, हेही त्याच्या जोडीनं सांगायला हवं.

आता सर्कस. हा विषय आपल्या पंचक्रोशीतलाच आहे. भारतातली पहिली आधुनिक सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे हे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. उत्तम घोडेस्वार आणि गाण्याचे नादी. १८८० च्या सुमारास त्यांची सर्कस उभी राहिली. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ त्यांच्या सर्कशीबरोबर हिंडायचे, आणि १९२२ साली वारले ते आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला. हे जरा विषयांतर झालं, पण सर्कशीच्या तंबूत ख्याल ऐकायला मिळायचा हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पुढं म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस निघाली. कृष्णेच्या काठानं सर्कशीचं एक पीकच आलं म्हणा.

आपल्याला यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. एक म्हणजे शाळा. छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली, तिथं कीलेरी कुन्हीकन्नन या कसरतशिक्षकाशी त्यांची गाठ पडली, आणि त्यातून तलश्शेरीत कसरतपटू तयार करणारी शाळा सुरू झाली. भारतातल्या सर्कशींना पुढं पिढ्यान्‌पिढ्या माणसं मिळाली ती तिथूनच. जी विद्या डोंबाऱ्याच्या घरात बापाकडून मुलाला मिळायची तशीच विद्या इथं कुणालाही शिकता येऊ लागली. दुसरी गोष्ट जाळ्याची. युरोपात झुल्यावरच्या कसरतींखाली आधी गाद्या टाकायचे, १८७० च्या दशकात जाळी यायला लागली. १८७९ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, की चौदा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कसरतींत उतरवायचं नाही. म्हणजे बघा, लंडनमधल्या पोराच्या पडण्याची चिंता कायद्याला १८७९ मध्ये वाटली. त्याच सरकारनं आठ वर्षं आधी हिंदुस्थानात जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायचा कायदा केला होता.

आपल्याकडं सर्कशीत मुलांना वापरायला बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानं. आणि रस्त्यावरच्या दोराचं काय? १९५९ चा भीक मागण्याला बंदी करणारा मुंबई राज्याचा कायदा बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे घेणं म्हणजेच भीक, अशी त्यात व्याख्या आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबून ठेवायची तरतूद आहे. दिल्लीपुरती यातली बरीच कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केली. आपल्याकडं तो कायदा आहेच. दोन खुंटे आणि दोन कैच्या घेऊन दहा मिनिटांत सुरक्षित बांधणी करणारा माणूस त्या व्याख्येत भिकारी ठरतो. मुलांना दोरावर चढवू नये, याबद्दल आमचं दुमत नाही. पण कायद्यानं त्या घराला दुसरा दोर दिला नाही. पहिला तेवढा काढून घेतला.

आता ‘दुसरा दोर’ या कल्पनेकडं येऊ, कारण ती डोंगरातून आली. १४ जुलै १८६५ ला स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर झालं. सात जण वर गेले, सगळे एका दोरात. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघं ओढले गेले, आणि चौथ्या आणि पाचव्या माणसामधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं राहिले. एडवर्ड व्हिम्पर या म्होरक्याकडं तीन प्रकारचे दोर होते, आणि तुटला तो त्यातला सगळ्यात कमजोर, जादा म्हणून घेतलेला. पुढं झरमॅटला चौकशी बसली. वाटाड्याला विचारलं गेलं, तुझ्या आणि पुढच्या माणसाच्या मधे हा दोर कुणी निवडला? वाटाड्या निर्दोष सुटला. पण ‘दोर तुटला’ एवढ्यावर न थांबता ‘दोर कुणी निवडला’ असं विचारायची रीत डोंगरात तिथून रुजली. तो तुटका दोर अजून झरमॅटच्या संग्रहालयात ठेवलाय.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. ताग आणि मनिल्याचे दोर गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉन आलं. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीनं आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असा दोर बाजारात आणला, आजचे सगळे गिर्यारोहणाचे दोर त्याच घराण्यातले. १९५४ साली मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली आणि सह्याद्रीतल्या सुळक्यांवर शास्त्रशुद्ध दोरकाम सुरू झालं. कमरेला दोर, वर बिले देणारा साथीदार, चढणारा पडला तरी धरणारा हात तयार. महाराष्ट्रातली पोरं पडण्याची तयारी ठेवून चढायला शिकली ती तेव्हापासून.

हायलाइन जन्मली ती अशाच गिर्यारोहकांच्या रिकामपणातून. अमेरिकेत ॲडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोघांनी १९८० च्या सुरुवातीला साखळ्या, केबल आणि चढाईच्या पट्ट्यांवर चालायचा नाद लावला. १९८५ च्या जुलैत स्कॉट बाल्कम हा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात लॉस्ट ॲरो नावाच्या सुळक्याकडं जाणारी पट्टी चालून गेला. अंतर सतरा-अठरा मीटर, म्हणजे आपल्या एखाद्या वाड्याच्या चौकाएवढं. खाली खोऱ्याचा तळ जवळपास ८८० मीटर. तुम्ही म्हणाल, त्याच्या अकरा वर्षं आधी, १९७४ मध्ये, फिलिप पती न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमधून तारेवर चालला होता की! चालला होता, आणि त्यानंही वर्षानुवर्षं तयारी केली ती मुख्यतः तार बांधण्याची. बाण मारून आधी बारीक दोरा पलीकडं नेला, मग त्याला जाड दोर, मग तार. पण तो सर्कशीच्या वंशातला, अंगाला दोर न बांधणारा. बाल्कम चढाईच्या वंशातला. तिथं पडणं हा खेळाचाच भाग धरतात, आणि त्यासाठी दुसरा दोर असतो.

आता मुलांनी कान द्यावेत. हायलाइनची बांधणी म्हणजे एक पट्टी नव्हे, दोन पट्ट्या. वरची मुख्य, तिच्यावरून चालायचं. तिच्या खाली दुसरी, सैल, थोड्या थोड्या अंतरावर चिकटपट्टीनं वरच्या पट्टीला लटकवलेली. मुख्य तुटली तर ही धरते. ती फार ताठ ठेवली तर तीही रोजचा भार खाते, मग ती राखीव कसली? फार सैल ठेवली तर माणूस जास्त खाली जातो आणि दणका मोठा बसतो. चालणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला एक दोर असतो, त्याच्या टोकाला कडी, आणि त्या कडीतून दोन्ही पट्ट्या गेलेल्या असतात. दोन पट्ट्यांची टोकंही वेगवेगळी अडकवायची. दोन्ही एकाच बोल्टवर आणून बांधल्या तर दुसरा दोर फक्त नावाचा उरतो. हा प्रकार आम्ही डोळ्यांनी बघितलाय, दिसायला अगदी व्यवस्थित दिसतो.

टोक म्हणजे एक बोल्ट नसतो. तीन-चार ठिकाणी पकड घ्यायची, भार सगळ्यांवर वाटून द्यायचा, आणि त्यातली एक सुटली तर बाकीच्यांनी हिसका न बसता भार घ्यावा अशी रचना करायची. गाठीनं पट्टीची ताकद कमी होते, म्हणून ताण घेणाऱ्या जागी गाठ न मारता पट्टी गुंडाळून धरणारं धातूचं कुलूप वापरतात. बाकी दोरांना गाठी लागतातच. आपल्या मराठीत निरगाठ आणि सुरगाठ हे दोन शब्द आहेत. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ सुटत नाही. ज्याला आपल्या हातानं मारलेली गाठ यांतली कुठली हे डोळे मिटून सांगता येत नाही, त्यानं कड्याजवळ जाऊ नये. दगडाच्या धारेवर ताणलेली पट्टी कापडासारखी कापली जाते, तेव्हा धारेवर गालिचा, जाड कापड किंवा लाकूड टाकायचं, नाहीतर कैची उभी करून पट्टी दगडापासून उचलायची. होय, कैचीच. डोंबाऱ्याची. फक्त बांबूच्या जागी पाइप.

वाऱ्यात सपाट पट्टी फडफडते, म्हणून तिला अधेमधे पीळ देऊन ठेवतात. सगळ्यात धोक्याची वेळ बांधतानाची असते, चालतानाची नव्हे. कडेवर वाकून काम करणारा माणूस स्वतः बांधलेला नसतो, लक्ष दुसऱ्याच्या जिवाकडं असतं, आणि पाय घसरतो. तेव्हा कडेपासून ठरावीक अंतराच्या पुढं जो जाईल त्यानं आधी स्वतःला बांधायचं, मग तो फोटो काढायला आलेला असो नाहीतर चहा घेऊन आलेला असो. आणि बांधणी पूर्ण झाली की ती बांधणाऱ्यानं तपासायची नाही. दुसऱ्यानं तपासायची, प्रत्येक कडीची पिन हातानं फिरवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आपल्या दगडाचंही सांगायला हवं, कारण परदेशी पुस्तकं ग्रॅनाइट धरून लिहिलेली असतात. सह्याद्री बेसाल्टचा, थरावर थर. एक थर घट्ट, त्यावर हातोडी मारली तर खणखणीत वाजतो. त्याच्याच खालचा ठिसूळ, बद्द वाजतो. तिथं बोल्ट मारू नये. पन्हाळा, मसाई पठार या आपल्या बाजूला तर माथ्यावर जांभा आहे, सच्छिद्र आणि मऊ. त्यात बोल्टवर भरवसा ठेवताच येत नाही, मोठी झाडं किंवा मोठे धोंडे शोधून त्यांना वेढे द्यावे लागतात. आणि पन्हाळ्याच्या तटात किंवा कड्यात खिळा मारायचा विचारही करू नका. तो संरक्षित किल्ला आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगी लागते. कपारीत आग्या मोहोळ आहे का, हे आदल्या दिवशी दुर्बिणीनं बघायचं. दोराला लटकलेल्या माणसाला माशांपासून पळता येत नाही.

मग शिकायचं कसं? आम्ही सांगतो ते असं. सहा महिने गुडघ्याएवढ्या उंचीवर चाला, आणि त्यातच पडून कडी कशी धरायची, पट्टीवर परत कसं चढायचं याचा सराव करा. मग पूर्ण हायलाइन मैदानावर बांधा. दोन्ही पट्ट्या, सगळे आधार, सगळ्या कड्या, जणू खाली दरी आहे. ती तपासून घ्या, सोडा, पुन्हा बांधा. ताण सोडणं हेही वेगळं शिकावं लागतं, कारण साडेचारशे किलोचा ताण एकदम सुटला तर कडी गोळीसारखी येते. त्यानंतर अनुभवी माणसाच्या हाताखाली कड्यावर मदतनीस म्हणून जा. आंतरराष्ट्रीय स्लॅकलाइन संघटना २०१५ मध्ये स्थापन झाली, ती बांधणीचं प्रशिक्षण देते आणि जगभरातल्या अपघातांच्या नोंदी गोळा करून मांडते. कुठं काय सुटलं, कुणी तपासलं होतं, सगळं. झरमॅटच्या चौकशीचंच हे आजचं रूप. त्या नोंदी वाचायला लाजू नका.

महाराष्ट्र सरकारनंही २०१८ मध्ये साहसी खेळांच्या सुरक्षिततेचा निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, चांगली साधनं, बचावाची तयारी, हे सगळं त्यात आहे आणि ते असायलाच हवं. आमचा आक्षेप एवढाच, की या कागदांना रस्त्यावरचा दोर दिसत नाही. कड्यावर चालणारा पंचविशीतला मुलगा साहसी खेळाडू, त्याला दोन पट्ट्या, तीन-चार पकडी, तपासणारा दुसरा माणूस. बाजारात चालणारी सात वर्षांची पोर भिकारी, तिला एक दोर आणि खाली ढोलकं वाजवत चालणारा बाप. त्या बापाकडं नीट बघा, तो कायम पोरीच्या बरोबर खाली, हात मोकळे होतील अशा बेतानं चालत असतो. तिच्यासाठी दुसरा दोर म्हणजे तोच.

आम्ही काही मंडळी येत्या हिवाळ्यात मैदानावरची एक कार्यशाळा घ्यायच्या विचारात आहोत. पट्ट्या, कड्या, बोल्ट यांचं शिकवायला पुण्याहून जाणकार येतील. जमिनीतला आधार, म्हणजे खुंटा कुठल्या मातीत किती खोल, किती कलता, पावसानंतर ओल्या जमिनीत काय करायचं, हे शिकवायला आम्ही एका डोंबारी घरातल्या वयस्कर मामांना विचारलंय. त्यांनी तिसाव्या वर्षानंतर खेळ सोडला, मुलांना शाळेत घातलं, आता ते सेंट्रिंगच्या कामावर असतात. मानधन ठरलं, तारीख ठरली, मामा यायला तयार आहेत. अर्जात शिकवणाऱ्याच्या नावापुढं ‘प्रमाणपत्र क्रमांक’ असा एक रकाना आहे. पुण्याच्या मंडळींचा भरून झालाय, मामांचा अजून मोकळा आहे.